रात्री दीड वाजता बादलीपाशी

वाचकाचं पत्र

वय ४८, काम हिशेबाचं. न्हाणीघरातला नळ महिनाभर ठिबकतोय. परवा रात्री झोप लागेना म्हणून पडल्या पडल्या ऐकत होतो, तर लक्षात आलं की सगळे थेंब वाजत नाहीत. चार-पाच 'टप्' वाजतात, मग एखादा गुपचूप उतरतो. बादली रिकामी असताना आवाज वेगळा, भरत आली की वेगळा. शेवटी उठलो आणि मोबाईलची बॅटरी लावून बादलीपाशी स्टूल टाकून बसलो. दीड वाजता बायकोने दार ढकललं, जरा वेळ नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "एका फोनवर प्लंबर येतो. तुम्ही काय थेंबांची हजेरी घेताय?" सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, एआयला विचारा ना, दहा सेकंदांत सांगेल." विचारलं, त्याने सांगितलं. बुडबुड्याचं काहीतरी होतं. दुपारी आठवेना.

माझं हे नेहमीचंच. साबण निळा असो की हिरवा, फेस पांढराच का? कापड ओलं झालं की गडद का दिसतं? ऑफिसात याला 'रिकाम्या प्रश्नांचं खातं' असं नाव पडलंय. ही खोड म्हणजे वेळेची नासाडी आहे का, आणि असेल तर मोडायची कशी? दुसरं म्हणजे, उत्तर मिळाल्यावर बरं वाटायच्या ऐवजी काहीतरी हातातून गेल्यासारखं का वाटतं?

– थेंबे थेंबे जागरण


थेंबे थेंबे जागरण यांस,

नळ दुरुस्त करा, खोड राहू द्या. तुमच्या घरी या दोन गोष्टींचा गुंता झालाय. महिनाभर एक काम अडलंय आणि ज्याने ते करायचं तोच त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलाय, हे दृश्य वहिनींच्या जागी मी पाहिलं असतं तर मीही काही गोड बोलले नसते.

तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा आवडला, म्हणून तो आधी घेते.

एआयला तुम्ही नेमकं काय विचारलंत ते पत्रात नाही. पण पैज लावते, 'नळाच्या थेंबाचा आवाज का येतो' असंच काहीतरी टाईप केलं असणार. रात्री तुमच्याजवळ होता तो प्रश्न हा नव्हता. तुमचा प्रश्न होता, 'काही थेंब मुके का?' तो तुम्ही अंधारात कान देऊन, मोजून कमावला होता. टाईप करताना त्याची धार गेली आणि उत्तर आलं ते बोथट प्रश्नाचं. उत्तर चुकीचं नव्हतं, पण शेजाऱ्याचं टपाल आपल्या पेटीत पडावं तसं ते पडलं. ते दुपारपर्यंत विसरलात यात नवल काय? तुमचं नव्हतंच ते.

आता तुमच्या थेंबाकडे येऊ. त्याची गोष्ट दहा सेकंदांत उरकण्यासारखी नाही.

थेंब पाण्यावर पडतो तेव्हा त्या आदळण्याचा आवाज जवळजवळ होतच नाही. थेंब पाण्यात एक खळगा पाडतो. खळगा मिटतो, मधून पाण्याची बारीक कांडी वर उसळते, आणि मिटता मिटता खळग्याच्या तळाशी एक इवलासा हवेचा बुडबुडा चिमटला जातो. वाजतो तो हा बुडबुडा. अडकलेली हवा स्प्रिंगसारखी आक्रसते, फुगते, पुन्हा आक्रसते. किती वेगाने, ते १९३३ साली मार्सेल मिनार्ट यांनी गणिताने मांडलं. हा माणूस खरं तर सूर्याचा अभ्यास करणारा खगोलशास्त्रज्ञ, पण वाहतं पाणी का खळखळतं हे त्याला हवं होतं. त्याच्या हिशेबाने एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे तीन हजार वेळा थरथरतो. त्रिज्या निम्मी झाली की सूर दुप्पट चढतो. तुमच्यासारख्या हिशेबाच्या माणसाला हे आवडेल: आवाजावरून बुडबुड्याचं माप निघतं.

एवढं कळल्यावरही एक अडचण उरली होती. बुडबुडा पाण्याखाली वाजतो, आणि पाण्यातला आवाज सहजासहजी हवेत येत नाही. पाण्याचा पृष्ठभाग त्यातला बहुतेक सगळा परत आत ढकलतो. मग तो तुमच्या पलंगापर्यंत पोचतो कसा? याचं नीट उत्तर २०१८ साली आलं. केंब्रिज विद्यापीठातले अनुराग अगरवाल ब्राझीलमध्ये मित्राकडे राहायला गेले होते. मित्राचं छप्पर गळत होतं, खाली बादली ठेवली होती आणि रात्री त्या टपटपीने झोप येईना. (ओळखीचं वाटतंय का?) परत आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अतिवेगवान कॅमेरा, हवेत एक मायक्रोफोन आणि पाण्याखाली दुसरा लावून थेंब पाडले. बुडबुड्याची थरथर खळग्याच्या तळातल्या पाण्यालाच वर-खाली हलवते आणि ते पाणी दट्ट्यासारखं हवा ढकलतं, असं त्यांना दिसलं. आवाज पाण्यातून गाळून येत नाही, पाण्याचा पृष्ठभागच वाजतो.

आणि मुके थेंब? बुडबुडा चिमटला जायला थेंबाचं माप आणि पडण्याचा वेग यांची जोडी जुळावी लागते. समुद्रावर पडणाऱ्या पावसाचा आवाज पाण्याखालून ऐकणाऱ्या संशोधकांना १९८०च्या दशकात हे सापडलं. साधारण एक मिलिमीटर व्यासाचे पावसाचे थेंब जवळजवळ दरवेळी बुडबुडा करतात, आणि त्याहून जरा मोठे, दोन मिलिमीटरपर्यंतचे, बहुतेक मुकेच पडतात. त्यामुळे पाण्याखाली रिमझिम पावसाचा एक वेगळाच सूं सूं आवाज असतो. नळाचा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा मोठा आणि सावकाश असतो, पण नियम तोच: माप आणि वेग. तुमची बादली बहुधा या जुळणीच्या अगदी काठावर उभी आहे. आधीच्या थेंबाची लाट अजून निवली नसेल किंवा थेंब किंचित लहान सुटला असेल, तर तेवढ्यानेही गडी मुका. रिकाम्या बादलीचा आवाज मात्र निराळ्या जातीचा. तिथे थेंब सरळ तळावर आदळतो आणि वाजते ती बादली. बादली भरत जाते तसं थेंबाचं पडायचं अंतर कमी होतं, वेग घटतो आणि जुळणी बदलते. तुम्ही ऐकलंत ते बरोबर ऐकलंत.

हे सगळं मी सांगून टाकलं, म्हणजे एआयने केलं तेच मीही केलं. म्हणून एक गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवते. आज रात्री बादलीत भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाका, हलकेच ढवळा, फेस बाजूला सारा आणि ऐका. काय होतं ते केंब्रिजवाल्यांनीही करून पाहिलं होतं. मी सांगणार नाही. ऐकायच्या आधी तुमचा अंदाज कागदावर लिहा. लिहाच, मनात ठेवू नका. मनातला अंदाज उत्तर कळलं की लबाडी करतो, 'मला वाटलंच होतं' म्हणतो.

या लबाडीचं एक जुनं उदाहरण थेंबांच्याच अभ्यासात आहे. आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७०च्या दशकापासून अंधाऱ्या खोलीत थेंब पाडून, नेमक्या क्षणी विजेची ठिणगी टाकून, त्या लखलखाटात डोळ्याला दिसलेलं चित्र हाताने काढायचा उद्योग आरंभला. चित्रं देखणी: थेंब आपटल्यावर भोवती उसळणारे, चारी बाजूंनी सारखे, रेखीव मुकुट. पुढे १८९०च्या दशकात त्याच क्षणांचे फोटो काढणं जमलं, आणि फोटोत मुकुट वेडेवाकडे निघाले. वर्दिंग्टन प्रामाणिक माणूस. जुनी रेखाटनं पुन्हा चाळली, तर वाकडे मुकुट तिथेही होते. त्यानेच ते 'बिघडलेले' समजून मागे टाकले होते. वीस वर्षं! आपण स्टुलावर बसून एक तास बघतो आणि 'बघितलं' म्हणतो.

तर हातातून गेलं ते हे, अंदाज बांधायची आणि चुकायची संधी. उत्तर एका झटक्यात आलं की चुकायला जागाच उरत नाही. वर ते आपलंच आहे असंही वाटू लागतं. येल विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली एक गंमत केली. लोकांना विचारलं, कपड्याची चेन, कुलूप, संडासातला फ्लश, या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला कितपत ठाऊक आहे? लोकांनी स्वतःला ऐसपैस गुण दिले. मग म्हटलं, आता टप्प्याटप्प्याने लिहून द्या. लिहायला बसल्यावर पेनं अडली. पुन्हा गुण द्यायला सांगितले तेव्हा आकडे खाली आले होते. फोनवरच्या उत्तराचं नेमकं असंच होतं. वाचताना सगळं कळतं, आणि दुपारी 'बुडबुड्याचं काहीतरी' एवढंच उरतं.

मी फोनच्या विरुद्ध नाही. मीही विचारते, दिवसातून दहादा विचारते. फक्त एक पथ्य पाळते: आधी दोन दिवस प्रश्न जवळ ठेवायचा. पाण्याशी, कपड्याशी, साबणाशी संबंध असेल तर हाताने करून बघायचं. मग विचारायचं, आणि विचारताना आपल्याला खटकलेली गोष्ट अगदी नेमकी लिहायची. 'बादली अर्धी भरल्यावर दर पाचवा थेंब वाजत नाही, का?' असं. वाट बघण्याने काही बिघडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत २०१४ साली एक प्रयोग झाला. प्रश्न दाखवला की उत्तर चौदा सेकंदांनी यायचं आणि मधल्या वेळात एका अनोळखी माणसाचा चेहरा झळकायचा. ज्या प्रश्नांची लोकांना मनापासून उत्सुकता होती त्यांची उत्तरं नंतर जास्त आठवली, हे ठीकच. पण त्या वाट बघण्यात दिसलेले चेहरेही, प्रश्नाशी काडीचा संबंध नसताना, थोडे अधिक आठवले. चौदा सेकंदांत एवढं, तर दोन दिवसांत आजूबाजूचं काय काय चिकटत असेल?

तुमच्या फेसाचं आणि ओल्या कापडाचंही मी सांगणार नाही. एवढंच करा. रंगीत काच कुटून पूड झालेली कधी दिसली तर तिचा रंग बघा. आणि तेच कापड, अर्धं ओलं अर्धं कोरडं, खिडकीत उजेडासमोर धरा. समोरून गडद दिसणारा भाग पाठीमागून उजेड आला की काय करतो ते पाहून मला पुन्हा लिहा.

आता वेळेच्या नासाडीचं. इथे बहुतेक लोक एक ठेवणीतली गोष्ट काढतात, आणि मला ती आवडतेही, म्हणून सांगते. आग्नेस पोकेल्स या बाई जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहायच्या. जन्म १८६२चा. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाची दारं बंद, आणि घरी आई-वडील आजारी. भांडी घासताना त्यांना दिसलं की स्वच्छ पाण्याचा पृष्ठभाग आणि तेलकट पाण्याचा पृष्ठभाग वेगळं वागतो. विसाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी पत्र्याची एक लांबट पन्हळ केली. तिच्यात काठोकाठ पाणी भरायचं, वर आडवी पट्टी सरकवून पृष्ठभाग कमी-जास्त करायचा, आणि तराजूला टांगलेलं एक बटण पाण्यावर टेकवून ते सोडवायला किती जोर लागतो ते मोजायचं. घरातल्याच वस्तू सगळ्या. दहा वर्षं हे चाललं. जानेवारी १८९१मध्ये त्यांनी लॉर्ड रॅले या नामांकित शास्त्रज्ञाला जर्मनमध्ये पत्र लिहिलं. लेडी रॅलेंनी त्याचा अनुवाद केला, रॅलेंनी ते 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाकडे पाठवलं आणि मार्चमध्ये छापूनही आलं. पुढे अर्विंग लँगम्युअर या अमेरिकन शास्त्रज्ञाने तशीच पन्हळ वापरून काम केलं आणि पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२चं नोबेल त्याला मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगने पोकेल्सबाईंना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. तुमच्या बादलीत साबण टाकल्यावर जे होईल, ते पाण्याच्या पृष्ठभागावरच्या ज्या ताणामुळे होईल, तोच ताण बाई बटणाने मोजत होत्या.

पण ही गोष्ट वहिनींना सांगायला जाऊ नका. अशा गोष्टींचा दुरुपयोग होतो. 'बघ, रिकाम्या प्रश्नांतून नोबेल निघतं' असं म्हणताना आपण विसरतो की एका पोकेल्सबाईंमागे हजारो माणसांनी भांडी घासताना तेलाचे तवंग पाहिले, 'अरे वा' म्हटलं आणि भांडी पालथी घातली. त्यांचा वेळ फुकट गेला का? मला नाही वाटत. पुढे पन्हळीला नोबेल मिळेल म्हणून बाईंनी ती केलेली नव्हती. उपयोगाच्या जमाखर्चात हे खातं बसवायला गेलात तर ते कायम तोट्यातच दिसणार, तेव्हा ते त्या वहीत नोंदवूच नका. सिनेमा बघताना, गाणं ऐकताना आपण ताळेबंद मांडत नाही.

नासाडी होते ती दुसऱ्या प्रकारात, आणि तुमच्याकडे ती आहे की नाही हे पत्रावरून कळत नाही. अंगठ्याने सरकवत एका प्रश्नावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून चाळिसाव्यावर जायचं, तासाभराने मान अवघडायची आणि एकही प्रश्न आत गेलेला नसायचा. बादलीपाशी तासाभरात तुमचा एकच प्रश्न तीनदा बदलला: आवाज का, मग काही थेंब मुके का, मग भरल्यावर फरक का. या दोन तासांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणखी एक बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी नकोसं काम असलं की त्या आदल्या रात्री कुतूहल उफाळतं का? माझं उफाळतं. या सदराचा मजकूर द्यायचा असला की मुंग्या रांगेत का चालतात हे मला तातडीने जाणून घ्यायचं असतं.

घरच्यांबद्दल थोडं. वहिनी विरुद्ध बादली असा सामना मला दिसत नाही. मला एक अनुभव आहे, फारसा भूषणावह नाही. पाण्यात बोटं सुरकुततात त्यावर मी एकदा घरात सगळ्यांना धरून बोलले. कातडी पाणी पिऊन फुगते असं वाटतं, पण खरं तर मज्जातंतू बोटांतल्या रक्तवाहिन्या आक्रसवतात आणि कातडी आत ओढली जाते, बोटाच्या नसेला इजा झालेल्यांची ती बोटं सुरकुततच नाहीत, हे १९३० च्या दशकातच डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं, वगैरे वगैरे. २०१३च्या एका प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या पटापट उचलता आल्या आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला तसा फरक दिसला नाही, इथवर मी पोचले तेव्हा भाची म्हणाली, "आत्या, मी तुला विचारलं होतं का?" नव्हतं विचारलं. तिची बोटं तेव्हा ओली होती, सुरकुतलेली होती, आणि ती स्वतःच त्यांच्याकडे बघत होती. मी मधे आले.

लोकांना कुतूहलाचा कंटाळा येत नाही, प्रवचनाचा येतो. तेव्हा घरात उत्तर सांगू नका, प्रश्न ठेवा. तोही समोरच्याच्या अंगणातला. वहिनींना थेंबाच्या सुरात रस नसेल, पण हा नळ दिवसाला किती पाणी खातो यात नक्की असेल. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब. मिलिलिटरला वीस थेंब हे औषधाच्या ड्रॉपरचं माप. त्याने धरलं तरी चार लिटरांच्या वर जातं, आणि नळाचा थेंब ड्रॉपरच्या थेंबापेक्षा बराच मोठा असतो. किती मोठा, ते मोजायला एक मापाचं भांडं आणि घड्याळ पुरे. हे मोजायला मुलीला बरोबर घ्या, आणि भांडं भरायच्या आधी तिघांनीही आपापला आकडा लिहून ठेवा. वहिनींचा आकडा सगळ्यांत जवळचा आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. महिनाभर ती बादली रिकामी कोण करतंय?

प्लंबरला शनिवारी सकाळी बोलवा. आजच फोन करा आणि वहिनींच्या समोर करा. शुक्रवारची रात्र तुमची. साबणाची बाटली, कागद, पेन आणि दोन स्टुलं न्हाणीघरात नेऊन ठेवा. दुसरं कुणाला लागलंच तर असू द्या.